शिवार एक, दप्तरें अनेक

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां माझ्या हातून शेंकडों सातबारे गेले. कोणत्या गटांत विहीर आहे, कोणतें पीक उभें आहे, हें मीं बिनचूक लिहिलें. परंतु एका गटांतील पाणी जमिनीखालून दुसऱ्या गटांत जातें, ही गोष्ट कोणत्याच रकान्यांत बसत नव्हती. एका गांवीं ओढ्यावर बंधारा झाला. पाणी वाढलेलें पाहून वरच्या अंगाच्या खातेदारांनीं ऊंस लाविला व कूपनलिका खोदिल्या. आणि तिसऱ्या वर्षीं खालच्या विहिरी माघांतच कोरड्या पडल्या. बंधारा एका कचेरीचा, कूपनलिकेचें कर्ज दुसरीचें. कागद दोन्हीकडे चोख! खालच्या खातेदारांचा तक्रारअर्ज मींच आवक वहींत नोंदविला.

हा दोष, आमचे मतें, माणसांचा नसून शिक्षणाचा आहे. अभियंत्यास बंधारा, कृषि-अधिकाऱ्यास पीक व वनाधिकाऱ्यास झाड शिकवितात. तिहींचा एकमेकांशीं संबंध काय, हें शिकविणें राहून जातें. या संबंधांच्या अभ्यासास आपण साकल्यविचार म्हणूं. अमेरिकेंत जे फॉरेस्टर यांनीं १९५६ नंतर या विचारास शास्त्राचें रूप दिलें. त्यांच्याच परंपरेंतील डेनिस मेडोज यांनीं तो शिकविण्यासाठीं मासेमारीचा एक खेळ रचिला. खेळणारे आपापली कंपनी चालवितात व दरसाल नवीं जहाजें घ्यावयाचीं कीं नाहींत, तें ठरवितात. आरंभीं मासळी विपुल. म्हणून जो तो जहाजें वाढवितो. मासळी घटल्याचें ध्यानांत येईपर्यंत जहाजें इतकीं झालेलीं असतात कीं समुद्र बहुधा रिकामा होतो. लबाडी मात्र कोणीच केलेली नसते. जहाजाच्या जागीं कूपनलिका घालून वाचकांनीं आपलें शिवार ओळखावें.

आपल्याकडे याची पाठशाळा पाहावयाची तर अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें जावें. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें त्या गांवानें शेतीसाठीं कूपनलिका वर्ज्य केल्या. ऊंस व केळी बंद केलीं. पाऊस मोजून ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडितात. माणसें व गुरें यांची तजवीज आधीं, मग पिकें.

अधिकाऱ्यांचे वर्ग पंख्याखालीं घेण्यापेक्षां महसूल, कृषि, जलसंधारण व वन या खात्यांचीं माणसें एकाच तुकडींत घालून माथ्यापासून पायथ्यापर्यंत पायीं न्यावीं. (जोडे झिजतील, पण भत्ता मिळतोच.) एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, हें धरून त्यांनीं एका शिवाराची जमा काढावी. वाहून किती गेलें, उन्हानें किती उडालें, मुरलें किती, उपसलें किती, हा खर्च सर्वांनीं मिळून एकाच कागदावर लिहावा. खर्च जमेहून अधिक निघाल्यास कोणत्या खात्याची कोणती योजना थांबवावयाची, हा वाद तेथेंच होऊं द्यावा. मग तो कागद त्याच गांवच्या ग्रामसभेपुढें वाचावा, आणि विहिरींचे धनी ज्या चुका काढतील त्या जागच्या जागीं दुरुस्त कराव्या.