दुहेरी सस्पेन्शनच्या ई-सायकलला कॅरिअर बसविताना

साध्या सायकलीचे कॅरिअर खाली चाकाच्या आसाजवळ आणि वर सीटखालच्या भागाला पक्के केलेले असते. पुढे व मागे सस्पेन्शन असलेल्या ई-सायकलला तेच कॅरिअर लावल्यास ते मोडण्याचा धोका संभवतो. अशा सायकलीचा मागचा भाग मुख्य फ्रेमला सांध्याने जोडलेला असून खड्ड्यात चाकासह वर-खाली होतो. कॅरिअरचे एक टोक या हलत्या भागाला आणि दुसरे मुख्य फ्रेमला जखडले, तर प्रत्येक धक्क्याला ते ताणले जाते. स्क्रू सुटतात, क्वचित कॅरिअर तुटून चाकातही अडकते.

म्हणून सर्व आधार एकाच भागावर असणे आवश्यक ठरते. सीटच्या दांड्याला आवळायचे कॅरिअर बसविण्यास सोपे. परंतु बहुतेकांवर १० किलोहून अधिक भार चालत नाही, आणि कार्बन फायबरच्या दांड्याला ते लावू नये. जास्त सामानासाठी मागच्या आसावर टेकणारे व हलत्या भागालाच बांधलेले कॅरिअर भरवशाचे. त्यावरील सामानाला मात्र सस्पेन्शनचा लाभ मिळत नाही. लॅपटॉप पाठीवरच बरा.

बसविल्यानंतर शॉक-अ‍ॅब्सॉर्बरमधील हवा काढून सायकल पूर्ण दाबून पाहावी. त्या स्थितीत टायर कॅरिअरला किंवा कॅरिअर सीटला लागता कामा नये. कॅरिअरच्या क्षमतेइतकीच सायकलची एकूण भारमर्यादाही महत्त्वाची. तीत बहुधा चालक आणि सामानाबरोबर बॅटरीसह सायकलचे वजनही धरलेले असते.