भाषेसाठी धाव

फ्रान्सच्या पश्चिमेस ब्रिटनी नावाचा प्रदेश आहे. तेथील जुनी भाषा ब्रेतॉन. पूर्वी शाळेत ब्रेतॉन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होई. पुढे घरांतूनही ती भाषा मागे पडली. तेव्हा १९७७ साली काही पालकांनी 'दिवान' नावाची ब्रेतॉन माध्यमाची शाळा काढली. दिवान म्हणजे बी रुजणे. उर्दूतल्या दीवानशी त्याचा संबंध नाही!

नव्या शाळेतील शिक्षकांचा पगार पहिली काही वर्षे लोकांनाच द्यावा लागतो. पैसा कोठून आणणार? २००८ साली 'रेदादेग' ही धाव सुरू झाली. ती साधारणपणे दर दोन वर्षांनी भरते आणि रात्रंदिवस चालते. वाटेतला एकेक किलोमीटर विकला जातो. कोणी दुकानदार, कोणी गावकरी तो विकत घेतो. धावणाऱ्यांच्या हातांतून एक दांडा पुढे जातो. त्यात ब्रेतॉनमधील संदेश दडवलेला असतो. तो शेवटच्या मुक्कामीच वाचतात. नफ्याचा निम्मा वाटा दिवान शाळांना आणि निम्मा इतर ब्रेतॉन उपक्रमांना मिळतो.