दार उघडं ठेवा, बुंदी येतेय!

ओळख पाहू, दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू दिवसातून किती तास झोपतं?

आठ? दहा? अंहं! १८ ते २० तास! म्हणजे उड्या मारायला, शेपटीमागे गोल गोल पळायला आणि सगळ्यांच्या पायात लुडबुडायला उरले जेमतेम चार-सहा तास. बाकी सगळा वेळ ढाराढूर!

आता समज, तुझ्या घरी एक पिल्लू यायचंय. गव्हाळ रंगाचं, लोंबत्या कानांचं, शेपटीचं टोक तेवढं पांढरं. नाव ठेवू या बुंदी! तिच्यासाठी आधी काय आणशील? चेंडू? गळ्यातला पट्टा? अरे, थांब थांब! इतकं झोपणाऱ्या पाहुणीला सगळ्यात आधी काय हवं? अंथरूण! आणि ते घालायला तिची स्वतःची छोटीशी खोली!

ही खोली म्हणजे क्रेट. तारेच्या जाळीची किंवा प्लॅस्टिकची मोठी पेटी. हवा यायला भरपूर भोकं आणि एका बाजूला दार.

"ई, म्हणजे पिंजराच की!" आलं ना मनात? शाब्बास! शंका अगदी बरोबर आहे. क्रेटचा पिंजरा होऊ शकतो आणि क्रेटचं घरही होऊ शकतं. काय होणार, ते तुझ्या हातात आहे. कसं? त्यासाठी आधी आपल्याला जायचंय सोलापूरला!

बिळाला दार नसतं!

सोलापूरजवळ नान्नजचं माळरान आहे. लांबच लांब गवत, मधूनच एखादी बाभूळ. तिथे लांडगे राहतात. कुत्र्यांचे खापर-खापर-खापरपणजोबा हे प्राचीन काळचे लांडगे होते. म्हणजे नान्नजचे लांडगे आपल्या बुंदीचे लांबचे चुलत नातेवाईकच!

हिवाळ्यात लांडगीण बिळात पिल्लं घालते. कधी ती स्वतः माती उकरते, कधी दुसऱ्या प्राण्याचं जुनं बीळ रुंद करून घेते. आत अंधार, ऊब आणि एकमेकांना चिकटलेली पिल्लं!

आता गंमत ऐक. मोठे लांडगे त्या बिळात राहतच नाहीत! ते झोपतात उघड्यावर, गवतात नाहीतर झुडपाच्या सावलीत. बीळ फक्त बाळांसाठी! पिल्लं दोन-अडीच महिन्यांची झाली की तेही सुटतं.

आणि त्या बिळाला काय नसतं, सांग बरं? दार! पिल्लू बाहेर डोकावतं, घाबरलं की धूम आत पळतं, धीर आला की पुन्हा बाहेर येतं. मनात येईल तेव्हा आत, मनात येईल तेव्हा बाहेर!

तुझ्या गल्लीतली कुत्री पाहिली आहेस? पिल्लं व्हायची वेळ आली की तीही असाच कोपरा शोधते. जिन्याखाली, वाळूच्या ढिगात, नाहीतर बंद टपरीखाली. तिलाही दार नको असतं. आडोसा हवा असतो!

बुंदीच्या क्रेटचं सगळं गुपित यातच आहे. आडोसा द्यायचा, पण कोंडायचं नाही.

पिल्लांचा ढीग

तुझ्याकडे येण्याआधी बुंदी कुठे होती, ठाऊक आहे? एका ढिगात! भावंडांच्या ढिगात!

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे बंद असतात. कानही बंद! डोळे उघडायला साधारण दोन आठवडे लागतात. कान उघडतात त्याच्याही थोडे नंतर. तोवर ना काही दिसत, ना काही ऐकू येत!

शिवाय त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही! तुला थंडी वाजली की दात कडकड वाजतात ना? अंग असं थरथरलं की आतून ऊब तयार होते. नव्या पिल्लाला ते जमतच नाही. त्याचं अंग असतं ३५-३६ अंश सेल्सिअस. मोठ्या कुत्र्याचं असतं ३८-३९ अंश. (तुझं साधारण ३७. म्हणजे बुंदी मोठी झाल्यावर तुझ्यापेक्षा गरम लागेल. ताप नाही हं तो!)

मग पिल्लं काय करतात? एकमेकांवर चढून ढीग करतात! शाळेच्या सहलीत पहाटेच्या गारठ्यात एका बाकावर चौघं चिकटून बसतात ना, अगदी तसंच.

आणि एक दिवस बुंदी या ढिगातून उठून थेट तुझ्या घरी येते. ना आई, ना भावंडं, ना ओळखीचा वास. पहिल्या रात्री ती कुंई-कुंई करते, तो हट्ट नसतो काही! "माझा ढीग कुठे गेला?" असं विचारत असते ती. म्हणून क्रेट मांडताना प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: इथे बुंदीला ढिगातल्यासारखं वाटेल का?

केवढी खोली?

तुला वाटेल, जेवढी मोठी तेवढी छान. इथेच फसगत होते!

क्रेट एवढीच हवी की बुंदीला आत ताठ उभं राहता येईल, डोकं न आपटता वळता येईल आणि पाय ताणून आडवं होता येईल. बस्स!

जास्त मोठी का नको? याचं उत्तर आहे शूमध्ये! हसू नकोस, खरंच!

अगदी लहान पिल्लाला आपली आपण शू करताच येत नाही. आई जिभेने त्याचं पोट आणि शेपटीखालची जागा चाटते, तेव्हाच शू होते! आणि आई लगेच सगळं चाटून साफ करते. त्यामुळे अंथरूण कोरडं ठणठणीत राहतं. साधारण तीन आठवड्यांनी पिल्लू डुगुडुगु चालू लागतं. मग ते काय करतं? झोपायच्या जागेपासून लांब जातं आणि तिथे शू करतं! कुणी शिकवलं नाही, कुणी रागावलं नाही, तरीसुद्धा!

आता क्रेट भलीमोठी असली तर? बुंदी एका कोपऱ्यात झोपेल आणि दुसऱ्या कोपऱ्यात मोरी करेल! हिशेब सोपा.

पण पिल्लू तर भराभर वाढतं. मग दर महिन्याला नवी क्रेट आणायची? छे! मोठ्या क्रेटमध्ये मधोमध आडवी जाळी लावायची. बुंदी वाढली की जाळी मागे सरकवायची. काही क्रेटबरोबर अशी जाळी मिळतेच.

शू किती वेळ धरता येते, त्याचा एक ढोबळ हिशेब आहे. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळव. तेवढे तास, तेही फार तर! दोन महिन्यांची बुंदी म्हणजे तीन तास. म्हणजे रात्रीसुद्धा कुणीतरी उठून तिला बाहेर न्यायला हवं. आई-बाबांना ही बातमी आधीच हळूच देऊन ठेव!

नाकाला आवडेल असं अंथरूण

अंथरूण कसलं घालावं? जुन्या सुती साडीची गोधडी झकास! मऊ, धुता येणारी, उन्हात पटकन वाळणारी. लोंबणारे धागे मात्र कापून टाक. बुंदीने धागा गिळला तर तो आतड्यात अडकू शकतो. टाके उसवलेली गोधडीही नको.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गोधडीच्या मऊपणात नाही. ती आहे वासात!

तुझ्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी आहेत साधारण ५०-६० लाख. बाप रे, पुष्कळ झाल्या, नाही? आता बुंदीच्या ऐक. २० ते ३० कोटी!

म्हणून बुंदीला आणायला जाताना एक स्वच्छ फडकं घेऊन जा. तिची आई आणि भावंडं झोपतात तिथे ते घास. मग ते फडकं क्रेटमध्ये गोधडीवर ठेव. तुला त्याचा काहीच वास येणार नाही. बुंदीला मात्र त्यात अख्खी आई सापडेल! पिल्लांना दूध पाजणाऱ्या कुत्रीच्या अंगातून एक खास द्रव्य पाझरतं. त्याने पिल्लं शांत होतात. हे फडकं पहिले काही दिवस धुऊ मात्र नकोस!

जागा कुठली?

गच्ची? नको. बाल्कनी? नकोच! दुपारी ऊन आलं की पंचाईत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घाम येतो तो पंजाच्या तळव्यांना! जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य पंखा. उन्हात तापलेल्या क्रेटमध्ये हा पंखा पुरा पडत नाही.

मग कुठे ठेवायची? माणसं असतात तिथे! दिवसा बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात. वाटेत नको, टीव्हीला खेटून नको, कूलरच्या झोतातही नको. रात्री मात्र तुमच्या अंथरुणाजवळ. अंधारात तुमचा श्वास ऐकू आला, वास आला की बुंदीला कळतं, नवा ढीग इथेच आहे! आणि तिला बाहेर जायचं असलं तर तिची चुळबुळ तुम्हालाही ऐकू येते.

वरून एक जुनी चादर टाक. तीन बाजू झाकायच्या, दाराची बाजू उघडी. झालं बीळ तयार!

क्रेट विकत आणायची नसेल, तरी हरकत नाही. पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेव. त्यातल्या पिना आणि चिकटपट्ट्या काढून टाक. गोधडी घाल. बुंदीला किंमत कुठे वाचता येते?

आत कसं जायचं?

उचलून आत ठेवायचं आणि दार लावायचं? अजिबात नाही!

साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी रशियात इव्हान पावलोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. ते कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होते. खाणं समोर आलं की लाळ सुटते, हे तर माहीतच होतं. पण गंमत झाली! खाणं आणणाऱ्या माणसाची नुसती पावलं वाजली, तरी कुत्र्यांना लाळ सुटायला लागली! स्वयंपाकघरात फोडणी चुरचुरली की तुझ्याही तोंडाला पाणी सुटतं ना? तेच हे! (पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं, पचनावरच्या कामासाठी.)

आपणही पावलोव्ह व्हायचं! दार सताड उघडं ठेव. उकडलेल्या अंड्याचा नाहीतर चिकनचा नखाएवढा तुकडा दाराशी ठेव. बुंदी हुंगेल, मान लांब करेल, मागचे पाय मात्र बाहेरच! तुकडा मटकावून मागे पळेल. पळू दे. पुढचा तुकडा थोडा आत. मग अजून आत. जेवणाची वाटीही आतच. काही दिवसांत तिच्या डोक्यात पक्कं बसतं: क्रेट म्हणजे खाऊ!

मग दार एक क्षण लोटायचं आणि लगेच उघडायचं. मग थोडा जास्त वेळ. घाई केलीस की खेळ बिघडला! ती ओरडत, पंजे मारत असेल तर आपण फार पुढे गेलो असं समज आणि एक पायरी मागे ये.

ठाऊक आहे? स्वीडन देशात घरामध्ये कुत्र्याला दार लावलेल्या पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानेच मनाई आहे! प्रवासासारख्या खास वेळीच परवानगी. आपल्याकडे असा कायदा नसला तरी बुंदीसाठी तू एक कर: शिक्षा म्हणून तिला कधीही आत टाकायचं नाही. खाऊची खोली शिक्षेची झाली की सगळी मेहनत वाया!

आत काय, बाहेर काय?

आत एक चघळायचं खेळणं हवंच. पिल्लाला दुधाचे दात २८ असतात, तुला होते २०. तेही सुयांसारखे टोकदार! तीन-चार महिन्यांची झाली की ते पडू लागतात, नवे येतात, हिरड्या शिवशिवतात. खेळणं नसेल तर तुझी चप्पल आहेच! खेळणं निळं आण. कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग छान दिसतो. लाल रंग त्यांना मळकट तपकिरी वाटतो.

बाहेर काय ठेवायचं? गळ्यातला पट्टा! तो जाळीत अडकला तर गळा आवळला जाईल. क्रेटमध्ये जाताना पट्टा काढायचाच.

आणि लाड म्हणून शिऱ्यातले बेदाणे द्यायचे नाहीत हं! बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, सगळं कुत्र्यांना विषारी.

श्श... ती पळतेय!

एक दिवस तू शाळेतून येशील. क्रेटचं दार उघडं, आणि आत बुंदी! कुणी सांगितलं नाही, खाऊ दाखवला नाही, आपली आपण आत जाऊन झोपलेली. जिंकलास की तू तो खेळ!

जवळ बसून नीट बघ. मिशा थरथरतील. पंजे हवेत पळतील. बंद तोंडातून "बुफ्!" असा बारीकसा आवाजही येईल. घाबरू नकोस, झोपेत पिल्लांचं असं चालतंच. तिला उठवायचं नाही, हात तर मुळीच घालायचा नाही! दचकून उठलेलं पिल्लू चावू शकतं. ती आत असताना तिला कुणी त्रास द्यायचा नाही, हा घरातला सगळ्यात कडक नियम.

नियम आहे म्हटल्यावर पाटी हवीच! घे पुठ्ठा, घे स्केचपेन. चांगली अस्सल पुणेरी पाटी रंगव आणि क्रेटजवळच्या भिंतीवर लाव:

"येथे बुंदी झोपते. आत हात घालू नये. पाहुण्यांनी कौतुक लांबूनच करावे. उठण्याची वेळ बुंदी ठरवेल. चपला आपापल्या जबाबदारीवर ठेवाव्यात!"