उसाच्या फडातली फायनल गर्ल

स्लॅशरपटात सगळे मित्र एकेक करून मारले जातात आणि शेवटी उरते एकच मुलगी. कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी 1987 च्या निबंधात तिला नाव दिलं, 'फायनल गर्ल'. 1978 च्या 'हॅलोवीन'मधली लॉरी आठवा. कपाटात कोंडली गेली तेव्हा तिच्या हाती लागला कपड्यांचा हँगर. तिने त्याची तार वाकवली आणि थेट खुन्याच्या डोळ्यात खुपसली! मला ती आवडते ती यासाठी. ती घाबरते, रडते, पण हात चालूच ठेवते.

आपल्या मराठीत तिची सख्खी बहीण म्हणजे विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'तली (2017) नेहा. सिनेमा भुताचा आहे, स्लॅशर नव्हे, तरी नातं पक्कं. पूजा सावंतची नेहा आठ महिन्यांची गरोदर, भोवती डोक्याहून उंच ऊस, आणि घरात उषा नाईक यांची तुळसाबाई. इथे वैर मुलींच्या जन्माशीच आहे, त्यामुळे नेहाला फक्त स्वतःचा नाही, पोटातला जीवही वाचवायचा असतो. हॉलिवूडच्या किती नायिकांवर एवढं ओझं असतं? फुरियांनीच 2021 मध्ये 'लपाछपी'वरून हिंदी 'छोरी' केला, पण मला मराठीच जास्त भिडतो.

मी मुळशी तालुक्यातल्या माणला राहतो. आयटी पार्कचे दिवे मागे पडले की मुळशीच्या रस्त्यांवर अजून उसाचे फड लागतात. वारा सुटला की पाचट सळसळतं, आणि आपसूक गाडीची काच वर जाते. 'लपाछपी' बघितला नसेल तर रात्रीच बघा, हेडफोन लावून.