लेकीच्या मनगटावरचा पट्टा

पूर्वी मैदानावर जाणारी मुलगी फार तर कॅनव्हासचे बूट मागायची. आता ती मनगटावर बांधायचा पट्टा मागते. नाडी, पावले, झोप, सारे मोजणारा. किंमत ऐकून वडील वर्तमानपत्रात डोके खुपसतात आणि निर्णय आपल्यावर येतो! म्हणून मैत्रिणींनो, हा पट्टा काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते आपल्याला ठाऊक हवे.

याचे माहेर फिनलंड. तिथे पायांना स्की बांधून बर्फावरून मैलोन्‌मैल जाण्याच्या शर्यती होतात. सरावात खेळाडूची नाडी पाहायची कशी? थांबून बोट ठेवावे, तर तोवर ठोके उतरू लागतात. सेप्पो स्यानायाकांगास (आडनाव उच्चारतानाच धाप लागते!) यांनी १९७७ साली पोलर ही कंपनी काढली, आणि १९८२ साली छातीला पट्टा व मनगटावर घड्याळ असे बिनतारी यंत्र आले. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत्‌संकेत टिपतो. हल्लीचे मनगटी पट्टे त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतात. प्रत्येक ठोक्याला रक्त वाढते, परतणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून मोजणी होते. पट्टा सैल असला किंवा हात जोरात हलला, की आकडा चुकतो.

आता याचा उपयोग काय? समजा, मुलगी त्याच वेळात त्याच चार फेऱ्या मारते आणि महिन्यापूर्वी नाडी १७० व्हायची ती आता १६० होते. म्हणजे तयारी वाढली. घड्याळात वेळ तोच दिसला असता आणि बिचारी हिरमुसली असती. पण मला मोठा उपयोग वाटतो तो उलटा, थांबण्याचा. हलक्या सरावाच्या दिवशीही मुली एकमेकींच्या ईर्षेने जोरात धावतात. नाडी चढलेली दिसली की सरांना त्यांना आवरता येते. ‘२२० वजा वय’ हे कमाल ठोक्यांचे गणित मात्र ढोबळ आहे. एखादीचे ठोके सहज दहा-बारांनी कमीजास्त निघतात. त्या आकड्यावरून कुणी मुलीला आळशी म्हटले, तर खुशाल हटकावे.

पट्ट्याला न कळणारी गोष्ट म्हणजे मुलीच्या पोटात काय गेले. सराव भरपूर आणि खाणे चिमणीचे, असे चालले तर शरीर काटकसर करू लागते. पाळी पुढे जाते, बंद होते, हाडे कमजोर होतात. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नावच दिले. आपल्याकडे मात्र “खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं,” म्हणून सोडून देतात. तसे नाही हो! सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. २०१९ साली विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघात खेळाडूंच्या पाळीची नोंद ठेवून आहार आणि झोप ठरवत. तिथे त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. आपल्या घरातही नसावे.

पट्टा परवडत नसेल तर अडत नाही. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे ठेवावीत. अंगठा ठेवू नये, त्याची स्वतःची नाडी लागते. तीस सेकंद मोजून दुप्पट करावी. दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटची चार पाने यासाठी राखली तरी पुरे: तारीख, नाडी, झोप, पाळी. दोन आठवड्यांत नेहमीचा आकडा कळतो. मग एखाद्या सकाळी तो सात-आठ ठोक्यांनी वर दिसला, तर ताप येतोय का, झोप झाली का, आदल्या दिवशी अति सराव झाला का, हे विचारावे आणि त्या दिवशी सरांना चिठ्ठी द्यावी. डब्यात एक पोळी आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू मात्र रोजच जास्त.