जुनी वेगनौका घ्यावी कीं नाहीं?

खुल्या समुद्रांत धांवणाऱ्या जुन्या मोटारनौकेच्या मोहांत पडलेला मनुष्य प्रथम तिचें एंजिन पाहतो. येथेंच त्याची चूक होते. एंजिन बदलतां येतें. नौकेचें अंग बदलणें जवळजवळ नवी नौका बांधण्यासारखेंच आहे.

अमेरिकेंत रे हंट ह्या रचनाकारानें नौकेचा तळ सपाट न ठेवतां पाचरीप्रमाणें खोल केला. त्यामुळें ती लाटांवर न आपटतां त्यांना चिरीत जाते. अशा ‘मॉपी’ नांवाच्या नौकेनें १९६० सालीं मायामी-नॅसॉ शर्यत जिंकली. ती लांकडी होती. तिच्यावरून पुढें फायबरग्लासच्या नौका निघाल्या.

परंतु फायबरग्लास कुजत नाहीं म्हणून नौका कुजत नाहीं, असें नव्हे. त्या काळच्या अनेक नौकांच्या तळांतील तुळया व पाठीमागची फळी आंतून लांकडाची असते. एखाद्या स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरलें, कीं बाहेर रंग तकतकीत आणि आंत भुसा! ती फळी भर समुद्रांत दगा देईल तर प्राणाशींच गांठ. म्हणून नौका पाण्याबाहेर काढवून लहान हातोडीनें ठिकठिकाणीं ठोकून पाहावी. आवाज खणखणीत आला तर बरें. बद्द आला तर तेथें ओल धरल्याचा संशय घ्यावा. मडकें घेतांना आपल्या बायका हेंच करतात!

इंधनाची टांकी पुष्कळदां डेकखालीं कोंडलेली असते. ती गळूं लागल्यास डेक कापावा लागतो.

तुळया सडल्या असल्यास, माझ्या मतें, नौका फुकटही घेऊं नये. अंग ठणठणीत असून एंजिनच बंद पडलें असेल, तर मात्र अवश्य विचार करावा. तिची किंमतही उतरलेली असते.