‘ओये’ आणि ‘ऐकू येणे’ : एका स्पॅनिश क्रियारूपाचा विचार

औंढा नागनाथाच्या देवळातील घंटा वाजली की तेथील मनुष्य ‘मला घंटा ऐकू येते’ असे म्हणतो. ‘मी ऐकतो’ हा प्रयोग तो मुद्दाम कान देण्याच्या प्रसंगासाठी राखून ठेवतो. पहिल्या वाक्यात घंटा हा कर्ता असून ऐकणारा चतुर्थीत जातो. मराठवाडी बोलीत हीच रचना ‘ऐकू यायलंय’ अशी आढळते. (हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला, बोलीने ती सीमा अर्थातच मानलेली नाही.) स्पॅनिश शिकू पाहणाऱ्या तेथील विद्यार्थ्याची अडचण नेमकी या सवयीतून उद्भवते.

स्पॅनिशमध्ये ‘मला आवडते’ याला ‘मे गुस्ता’ म्हणतात. ‘मे’ म्हणजे ‘मला’, आणि आवडणारी वस्तू कर्ता. हे वळण मराठी विद्यार्थ्यास परके वाटतच नाही. मग त्याच धर्तीवर ‘मला ऐकू येते’ यासाठी तो ‘मे ओये’ असे म्हणू लागतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. अर्थ मात्र उलटा होतो : ‘त्याला माझे बोलणे ऐकू येते’. कारण ‘ओइर’ या धातूचा कर्ता ऐकणारा असतो आणि ‘मे’ हे तेथे कर्म ठरते. मराठी ‘मला’प्रमाणेच ‘मे’ द्वितीया व चतुर्थी दोन्हींचे काम करीत असल्याने चूक रूपावरून उघडकीस येत नाही. दूरध्वनीवर तर ती गैरसमजासच कारण होते. योग्य रूप ‘ओइगो’ हे होय. ऐकणाऱ्याचा उल्लेखच नको असेल तर ‘से ओये ला काम्पाना’, म्हणजे ‘घंटा ऐकू येते’. मुद्दाम ऐकण्यासाठी ‘एस्कुचार’ हा धातू निराळाच आहे.

‘ओये’ हे सलगीचे आज्ञार्थी रूपही आहे : ‘अरे, ऐक’. वडीलधाऱ्यांस मात्र ‘ओइगा’ म्हणावयाचे. हे मुळात इच्छा, संशय इत्यादी दर्शविणारे तृतीयपुरुषी रूप. आदरार्थी ‘उस्तेद’ हे सर्वनाम ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनातून आलेले असल्याने क्रियापदही तृतीय पुरुषात राहते. ‘महाराजांनी ऐकावे’ असे म्हणणाऱ्यास यात नवल वाटू नये. निषेधात सलगीचे ‘ओये’ही टिकत नाही; तेथे ‘नो ओइगास’ येते, जसे मराठीत ‘ऐक’ जाऊन ‘ऐकू नकोस’ येते.